मागितलेल्या कर्जाची नोंद

क्रेडिट रिपोर्ट हातात आला की बहुतेक लोक पहिल्या पानावरचा तीन आकडी स्कोअर बघतात, ७५०च्या पुढे असला की हुश्श करतात आणि फाईल मिटवतात. थोडे चिकित्सक असतील ते मधली पानं चाळतात. तिथे प्रत्येक कर्जाखाली गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन मांडलेले असतात. हप्ता वेळेवर गेला असेल त्या महिन्याच्या चौकोनात तीन शून्यं, उशीर झाला असेल तर जितके दिवस उशीर तो आकडा. शेवटच्या पानापर्यंत फार थोडे पोचतात. माझ्या मते या सगळ्या कागदातली सर्वांत विलक्षण गोष्ट तिथेच तळाशी असते. 'एन्क्वायरी' असं शीर्षक असलेला एक लहानसा तक्ता. कोणी विचारलं, कोणत्या तारखेला, कसल्या कर्जासाठी, किती रुपयांसाठी. चार रकाने, बस्स.

हा तक्ता घेतलेल्या कर्जांचा नाही, मागितलेल्या कर्जांचा आहे. यातलं एखादं मिळालं असेल, एखादं नाकारलं गेलं असेल, एखाद्याचा विचार घरी आल्यावर आपणच बदलला असेल. तक्ता त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अर्ज नामंजूर झाला, अशी नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये कुठेच नसते. राहते ती एवढीच खूण, की अमुक तारखेला या माणसाला इतके पैसे हवे होते.

व्यवहाराच्या नोंदी आपल्याकडे फार जुन्या. पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, कार्ल्याच्या चैत्यगृहात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दिल्याचं त्यात कोरलंय. याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यातला लेख तर थेट बँकेच्या पासबुकासारखा वाचता येतो. तीन हजार कार्षापणांची कायम ठेव, त्यातले दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, उरलेले एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. वर हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रीतसर दप्तरी नोंदवलं, असंही लिहून ठेवलंय. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मुद्दल आहे, दर आहे, नोंदणी आहे. पण त्याच श्रेणीकडे आणखी कोण कोण पैसे मागायला येऊन गेलं, हे टिपून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माणसाच्या नुसत्या गरजेची तारीखवार नोंद ठेवायची आणि तिच्यावरून पुढचं कर्ज ठरवायचं, हा उद्योग अगदी अलीकडचा आहे.

तो चालतो कसा, हे मावळातच उभं राहून बघू. समजा, एक जोडपं आहे. नवरा टाकव्याच्या एका कारखान्यात नोकरीला, बायकोचं कामशेतला ब्युटी पार्लर. वडगावात टू बीएचके पसंत पडलाय आणि ३० लाखांचं गृहकर्ज हवंय. साईट ऑफिसात बिल्डरच्या माणसाशेजारी एक कनेक्टर, म्हणजे बँकांना गिऱ्हाईक जोडून देणारा, बसलेला असतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, सिबिल किती आहे?" दुसरा प्रश्न नसतोच, प्रस्ताव असतो: "ताई, तुम्ही फक्त कागदं द्या. चार बँकांत फाईल लॉगिन करून टाकतो, जिथे रेट कमी तिथे घेऊ." ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. भाजी घेतानासुद्धा आपण चार ठिकाणी भाव विचारतोच.

फाईल लॉगिन झाली की बँकेचा माणूस पॅन नंबर टाकून रिपोर्ट ओढतो. 'सिबिल मारला' म्हणतात तो हाच क्षण. खरं तर देशात पतनोंदणी करणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. काही बँका एकीकडून रिपोर्ट घेतात, काही दोघींकडून. ज्या कंपनीकडून घेतला, तिच्या वहीत त्या क्षणी एक ओळ वाढते: हाउसिंग लोन, ३०,००,०००, आजची तारीख. घर दोघांच्या नावावर होणार, त्यामुळे अर्जदारही दोघं. चार बँका म्हणजे त्याच्या रिपोर्टमध्ये चार ओळी आणि तिच्याही रिपोर्टमध्ये चार. दोघांनी सही केली ती एकाच घरासाठी. नोंदी झाल्या आठ.

आता चौथ्या बँकेतल्या क्रेडिट मॅनेजरच्या खुर्चीत बसून तो रिपोर्ट बघा. आधीच्या तिन्ही चौकश्या त्याला दिसतात. तारखा दिसतात, रकमा दिसतात, कर्जाचा प्रकार दिसतो. बँकांची नावं मात्र दिसत नाहीत. तिथे 'नॉट डिस्क्लोज्ड' एवढंच छापलेलं असतं. कुठली बँक कुणाच्या मागे आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये, म्हणून ही नावं झाकतात. आपण स्वतःचा रिपोर्ट काढला तर आपल्याला ती वाचता येतात. म्हणजे मॅनेजरला एवढंच कळतं, की गेल्या पंधरा दिवसांत तीन अनामिक संस्थांनी या माणसाची ३० लाखांसाठी चौकशी केली, आणि त्यानंतर ३० लाखांचं एकही खातं उघडलेलं नाही. का उघडलं नाही हे कागद सांगत नाही. मग तो स्वतःच्या मनाने ती जागा भरतो.

लग्नाच्या स्थळाचं असंच होतं. गावात चार घरं चौकशी करून गेली आणि पुढे काहीच झालं नाही, तर पाचव्या घरची माणसं मुलीला भेटण्याआधी शेजाऱ्यांना भेटतात. मुलीत खोट असेलच असं नाही. कदाचित तिनेच चौघांना नकार दिला असेल. पण पाचव्याला दिसतात ते फक्त येऊन गेलेले चार.

जाणता अधिकारी असेल तर तीन सारख्या रकमा आणि लागोपाठच्या तारखा बघून ओळखतो, की पार्टी दर विचारत फिरतेय. फार तर एक खुलाशाचं पत्र मागतो. यंत्राचं काय? आणि मुळात नुसत्या विचारण्याला यंत्र घाबरतं तरी का? मला स्वतःला याचं उत्तर कळलं तेव्हा या तक्त्याकडे बघण्याची नजरच बदलली, म्हणून इथे जरा थांबतो.

चौकशी आणि कर्ज या दोन घटना रिपोर्टमध्ये वेगवेगळ्या वेगाने पोचतात. बँकेने रिपोर्ट ओढला की चौकशीची नोंद तत्काळ होते, कारण ओढणं हीच नोंद. कर्ज मिळाल्याची बातमी मात्र सावकाश येते. कर्ज मंजूर व्हायचं, खात्यात पडायचं, मग बँक आपल्या सगळ्या कर्जदारांची माहिती एकगठ्ठा पाठवणार, तेव्हा ते रिपोर्टवर चढणार. बरीच वर्षं ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याला पाठवावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला. तरीही मध्ये काही दिवसांचा आंधळा पट्टा उरतोच. एखाद्याने सोमवार ते शनिवार रोज एका ॲपवरून पन्नास-पन्नास हजार उचलले, तर शनिवारी सहाव्या ॲपला त्याच्या रिपोर्टमध्ये आधीची पाच कर्जं दिसणारच नाहीत. दिसतील त्या पाच चौकश्या. अजून न दिसणाऱ्या कर्जाचा तेवढाच एक पुरावा सावकाराच्या हाती असतो. लाखो लोकांच्या हिशेबांवर बसवलेलं गणित जेव्हा सांगतं, की थोड्या दिवसांत खूप ठिकाणी विचारणाऱ्यांत पुढे हप्ता चुकवण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा त्यामागे हा आंधळा पट्टाही असतो. वडगावच्या जोडप्याला त्या शनिवारवाल्याच्या पापाची थोडी किंमत मोजावी लागते, एवढं खरं.

'थोडी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. गल्लीतल्या गप्पांत चौकशीचं भूत फार मोठं करून सांगतात. ज्या अमेरिकेतून स्कोअरची ही विद्या आली, तिथल्या फायको कंपनीने आपल्या स्कोअरची विभागणी जाहीर केलेली आहे. हप्ते कसे फेडले याला ३५ टक्के, किती कर्ज डोक्यावर आहे याला ३०, इतिहास किती जुना याला १५, कर्जांच्या प्रकारांना १० आणि नव्या कर्जाच्या हालचालींना १०. चौकश्या या शेवटच्या दहा टक्क्यांत येतात. एका चौकशीने बहुतेकांचे पाचाहून कमी गुण जातात, असं फायकोच म्हणते. शिवाय गृहकर्जासाठी दर विचारत फिरणाऱ्यांची तिथे सोय आहे. फायकोच्या नव्या आवृत्त्यांत ४५ दिवसांच्या आतल्या सगळ्या गृहकर्ज-चौकश्या मिळून एकच धरली जाते. आपल्याकडच्या कंपन्या आपलं गणित इतकं उघडून दाखवत नाहीत. तेव्हा 'महिनाभरात कितीही बँकांत टाका, एकच धरतात' असं कनेक्टर छातीठोकपणे सांगू लागला, तर तो अमेरिकेतला नियम वडगावात विकतोय असं समजा.

पाच-दहा गुणांनी काय बिघडतं? ८०० वाल्याचं काहीच नाही. बिघडतं ते काठावरच्यांचं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, बांधलेली आहेत. त्या दरावर बँक आपला वाढावा चढवते आणि त्यात कर्जदाराच्या जोखमीचा हिस्सा असतो. हा हिस्सा अनेक बँका स्कोअरच्या पायऱ्यांवर ठरवतात. ७५३ वरून ७४८ वर आलेला माणूस पाच गुण हरत नाही, पायरी हरतो. ३० लाख रुपये, २० वर्षं, ८.५ टक्के दर: हप्ता साधारण २६,०३५ रुपये. तोच दर ९ टक्के झाला तर २६,९९२. महिन्याला साडेनऊशेच्या वर फरक, २४० हप्त्यांत जवळजवळ दोन लाख तीस हजार. कमी दराच्या शोधात चार ठिकाणी फाईल टाकणारा माणूस कधीकधी त्या शोधापायीच वरच्या दरात जाऊन पडतो. या व्यवस्थेतला हा विनोद मला अजून पचलेला नाही.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर मात्र एक गुणही जात नाही. 'सारखं सिबिल बघू नकोस, कमी होतो' असं सांगणारे काका प्रत्येक घरात आहेत. त्यांना हे जरूर कळवावं. आपण बघितलं, किंवा ज्या बँकेचं कर्ज चालू आहे तिने अधूनमधून डोकावून पाहिलं, तर ती कर्जासाठीची चौकशी धरत नाहीत. गुणांशी संबंध फक्त नव्या कर्जाच्या अर्जावरून ओढलेल्या रिपोर्टचा.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याबद्दल सावकाराने काय लिहून ठेवलंय हे बघण्याचा हक्क याच जिल्ह्यात एकदा आगीतून निघाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवी होती कर्जाची रोखपत्रं आणि कोर्टाचे हुकूमनामे. मिळाले ते कागद पेटवले गेले. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या कायद्यातल्या तरतुदी आज वाचताना अंगावर काटा येतो. कोर्टाने नुसत्या रोख्यावर विसंबून राहू नये, देवघेव सुरू झाली तेव्हापासूनचा सगळा इतिहास तपासावा. शेतकऱ्याचा दस्तऐवज गाव-निबंधकासमोरच लिहिला जावा. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळावी. आणि त्याने मागितला तर सावकाराने वर्षाचा हिशेब लिहून द्यावा.

वर्षाचा हिशेब! १ जानेवारी २०१७ पासून चारही क्रेडिट कंपन्यांनी मागणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. मधे १३८ वर्षं गेली आणि मागणी तीच राहिली: माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला दाखवा.

फरक पडला तो वहीच्या मालकीत. सुप्याच्या सावकाराची वही त्याच्यापुरती होती. शेजारच्या पेठेतल्या सावकाराला तिच्यात काय आहे ते ठाऊक नसे. आजची वही सगळ्या सावकारांची मिळून एक आहे. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या एन. एच. सिद्दिकी समितीने तशी शिफारस केली, २००० मध्ये मुंबईत सिबिल उभी राहिली आणि २००५ मध्ये या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा संसदेत झाला. सिबिलच्या मागे आज जी ट्रान्सयुनियन आहे, तिची जन्मकथाही गमतीदार. १९६८ मध्ये ती निघाली ती रेल्वेचे तेलवाहू टँकर भाड्याने देणाऱ्या कंपनीची पालक कंपनी म्हणून. पुढच्या वर्षी तिने शिकागोकडची एक पतनोंदणी संस्था विकत घेतली, ३६ लाख कार्डं आणि ती ठेवलेली सात खणांची ४०० कपाटं यांसकट. टँकरवाल्यांना ती कपाटं कशाला हवी होती कोण जाणे. पण आज वडगावच्या साईट ऑफिसात 'सिबिल मारला' असं कुणी म्हणतं, तेव्हा त्या कपाटांची वंशज असलेली यंत्रणा जागी होते.

या सामाईक वहीला एक मोठं भोक आहे आणि ते मावळासारख्या भागात जास्त जाणवतं. बँका, वित्त कंपन्या, गृहवित्त कंपन्या, सहकारी बँका यांना रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या आदेशानुसार चारही कंपन्यांचं सभासद व्हावं लागलं. पण सहकार कायद्याखालच्या गावोगावच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात येत नाहीत. तिथे पंधरा वर्षं एकही हप्ता न चुकवलेला लोणावळ्याचा टॅक्सीवाला क्रेडिट रिपोर्टमध्ये बहुधा शोधूनही सापडायचा नाही. संचालक मंडळ त्याला नावाने ओळखतं, यंत्र मुळीच ओळखत नाही. त्याचं नाव पहिल्यांदा त्या वहीत येतं तेच मुळी गृहकर्जाच्या चौकशीपुरतं, मागे कसलाही इतिहास नाही आणि पुढे चार ओळी मागण्यांच्या. अशा पहिलटकरांचा अर्ज निव्वळ इतिहास नाही या कारणासाठी फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय, आणि किमान इतका स्कोअर हवाच अशी तिची स्वतःची कुठलीही अट नाही. हे वाक्य काउंटरवर म्हणून दाखवायला हरकत नाही.

शिवाय लोणावळ्याची कमाई पावसावर. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी भुशी डॅमच्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते, चिक्कीच्या दुकानांत हातांना उसंत नसते, बंगले भाड्याने जातात. नंतर हात आखडतो. त्या ओढगस्तीच्या महिन्यांत मोबाईलवरची छोटी कर्जं उपयोगी पडतात आणि तिथेच या तक्त्यात नकळत ओळी भरतात. मोबाईलच्या दुकानातलं दृश्य आठवा. अठरा हजारांचा हँडसेट, शून्य व्याजाचा हप्ता. काउंटरवरचा पोरगा आधार-पॅन घेतो, टॅबवर काहीतरी भरतो आणि म्हणतो, "काका, ओटीपी आला असेल, सांगा." काका सांगतात. "या कंपनीत होत नाहीये, दुसरीत टाकतो. परत एक आला असेल बघा." काका परत सांगतात. तो प्रत्येक ओटीपी म्हणजे 'माझा रिपोर्ट बघा' अशी दिलेली संमती आहे, सहीइतकीच पक्की. संमतीचा मजकूर टॅबच्या पडद्यावर असतो, आणि टॅबचं तोंड पोराकडे असतं. सहा महिन्यांनी गृहकर्जाच्या वेळी बँकवाला विचारतो, की सप्टेंबरात तुम्ही दोन ठिकाणी कर्ज मागितलं होतं, त्याचं काय झालं? काका प्रामाणिकपणे सांगतात, "छे हो, मी कुठे मागितलं? मी तर मोबाईल घेतला."

मावळात चौकश्या वाढण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याचा कर्जदाराच्या वागण्याशी काडीचाही संबंध नाही. ते आहे जमीन. बँकेत गोष्टी ज्या क्रमाने घडतात तो लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी रिपोर्ट सुरुवातीलाच ओढतात, कारण त्याला मिनिटंही लागत नाहीत. उत्पन्नाचे कागद त्यानंतर. जागेचा लीगल आणि टेक्निकल रिपोर्ट अगदी शेवटी, कारण त्याला वकील लागतो, इंजिनियर लागतो, दिवस जातात. आणि मावळात गाडं अडतं ते नेमकं इथे. पवनेच्या काठचा सुरेख प्लॉट, पण एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला नाही. सातबाऱ्यावर सात जणांची नावं आणि त्यातल्या एका आत्याची सही नाही. इमारत उभी, पण मंजुरी ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, मंजूर नकाशा मागितला की बिल्डर चहा मागवतो. बँक फाईल परत करते. घेणारा म्हणतो ही बँकच खडूस, दुसरीकडे टाकू. दुसरीचा वकीलही तिथेच अडतो, तिसरीचाही. दोष सातबाऱ्यात, डाग मात्र पडतो तो पगारदार माणसाच्या रिपोर्टवर. कारण जमिनीला एन्क्वायरीचा तक्ता नसतो आणि नकाराचं कारण माणसाच्या तक्त्यात छापत नाहीत.

तळेगावच्या एमआयडीसीत जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतला, लोकल लोणावळ्यापर्यंत १९७८ पासून धावतेच आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांना इथे सुट्टीचं घर हवंय. घरं आणि प्लॉट विकणाऱ्या पाट्या कमी होणार नाहीत. म्हणून या तालुक्यात क्रम उलटा करणं मला शहाणपणाचं वाटतं: आधी जागेची चौकशी, मग आपली. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प काढून मंजूर नकाशा आणि मालकीचा अहवाल बघावा. बिल्डरला विचारावं, की हा प्रकल्प कुठल्या बँकांनी आधीच तपासून मंजूर केलाय. बँकांच्या बोलीत त्याला एपीएफ म्हणतात. ज्या बँकेच्या वकिलाने ते कागद एकदा पास केलेत तिथे आपली फाईल जमिनीपायी अडण्याची शक्यता बरीच कमी. सुटा प्लॉट किंवा जुनं घर असेल तर स्वतः वकील लावून सर्च रिपोर्ट काढावा. त्याचे पैसे टोचतात खरे.

दर विचारायलाही पॅन द्यावा लागत नाही. बँकांचे दर, आणि पुष्कळांच्या तर स्कोअरनुसार पायऱ्याही, संकेतस्थळावर लिहिलेल्या असतात. स्वतःचा फुकटचा रिपोर्ट काढून हातात ठेवायचा, तो दाखवून दोन-तीन शाखांत तोंडी बोलायचं, आणि "अजून सिबिल ओढू नका, आधी रेट सांगा" असं स्पष्ट म्हणायचं. मॅनेजर थोडा नाराज होईल, होऊ द्यावा. कनेक्टरकडे कागद देताना कुठल्या बँकेत टाकायचे ते झेरॉक्सवरच पेनाने लिहावं: फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी, तारीख, सही. ती झेरॉक्स पाचव्या बँकेत वापरायला मग तो जरा कचरेल.

एवढं करूनही न मागितलेली ओळ रिपोर्टमध्ये दिसलीच तर? रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने दोन हत्यारं दिली आहेत, दोन्ही एप्रिल २०२४ पासून लागू. बँकेने किंवा वित्त कंपनीने आपला रिपोर्ट बघितला की आपल्याला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. त्यासाठी आपला चालू नंबर त्यांच्याकडे नोंदलेला असला पाहिजे, वडिलांचा किंवा जुना बंद पडलेला नव्हे. आणि रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तेवढ्याने भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्रेडिट कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. 'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशा विजेच्या खांबावरच्या पाट्यांकडे जायचं कारण नाही. खरी असलेली ओळ पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी पुसायला पैसे लागत नाहीत.

खऱ्या ओळींचं वजन दिवसागणिक कमी होत जातं. सहा महिने नवं काही मागितलं नाही आणि चालू हप्ते वेळेवर गेले, तर बहुतेक बँका त्या जुन्या ओळींवर बोटही ठेवत नाहीत. घाई असेल आणि मागची फाईल जमिनीच्या कागदांवर अडून परत आली असेल, तर एक गोष्ट मागून घ्यावी. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणं बँकेने लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेच्या संहितेत आहे. 'मालमत्तेचे दस्तऐवज अपुरे' असं त्या पत्रावर छापून आलं, की पुढच्या बँकेत अर्जासोबत ते जोडायचं. एन्क्वायरीच्या तक्त्यात त्यासाठी पाचवा रकाना नाही. तो आपला आपणच जोडावा लागतो.